दिसायला तर बरा आहे

साताऱ्याच्या कोर्टात दादाची उलटतपासणी होती, त्या दिवशी आईने पहाटे उठून त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. त्याला दाढी करायला लावली, केसांना तेल लावून भांग पाडला आणि रिक्षात बसल्यावर तीनदा बजावलं, "नीट बस. विचारतील तेवढंच बोल. उगाच हसू नको." दादा नीट बसला. विचारलं तेवढंच बोलला. विमा कंपनीच्या वकिलांनी नाव विचारलं, वय विचारलं, लग्नाची तारीख, मुलीची शाळा, दुकानाच्या मालकाचं नाव विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं. मग वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "काही लक्षात राहत नाही म्हणतात, पण उत्तरं तर सगळी येतायत." दादाने मान डोलावली. त्यालाही ते पटलं होतं.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "छान बोलला पोरगा." आईच्या चेहऱ्यावर समाधान होतं. छान बोलला म्हणूनच आपण आज मार खाल्ला, हे दोघांना कोणत्या तोंडाने सांगायचं, ते मला कळेना.

मला त्या कौतुकाविरुद्धच बोलायचंय. अपघातात मेंदूला मार बसलेल्या माणसाला आपल्याकडे भरपाई मागायची असेल, तर त्याला आधी सिद्ध करावं लागतं की तो दिसतो तसा उरलेला नाही. आणि हे सिद्ध करण्याच्या वाटेवर त्याला पहिल्यांदा अडवतो ते आपण, घरचे. विमा कंपनीचा वकील फार नंतर येतो. आपण झाकलेलंच तो पुरावा म्हणून दाखवतो.

दादाला मार बसला नोव्हेंबर २०१८ मध्ये. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला उभा राहायचा. कुठल्या गाडीच्या कुठल्या मॉडेलला कुठलं बेअरिंग बसतं, ते कुठल्या कप्प्यात आहे, भाव काय, कुठल्या मेकॅनिकला किती सोडायचे, हे सगळं त्याच्या डोक्यात. दुकानात कॉम्प्युटर होता, पण बिलापुरता. मेकॅनिकने तुटका पार्ट काउंटरवर ठेवला की दादा त्याला हात न लावता पोऱ्याला सांगायचा, "तिसरं रॅक, खालून दुसरा खण." महिन्याला १८ हजार मिळायचे, रोख. कागद काही नाही.

रात्री दुकान बंद करून घरी येताना वाढे फाट्याजवळ एका कारने त्याला उडवलं. कारवाला पळाला नाही. त्यानेच गाडीत घालून दवाखान्यात आणलं, आमचा फोन लागेपर्यंत थांबला. तो वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण भरपाईचा दावा म्हणजे कुणावर तरी सूड, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

दादाने हेल्मेट घातलेलं होतं. हेही सांगावं लागतं, कारण आजवर मी ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली, त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. (पुण्यात मी अशा लोकांत राहते ज्यांच्या शहरात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले आहेत. तेसुद्धा हाच प्रश्न विचारतात.) हेल्मेट घालाच. कवटी फुटण्यापासून ते वाचवतं, जीव वाचवतं. पण मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. शरीर एकदम थांबतं, मेंदू थांबत नाही. तो पुढच्या हाडावर जाऊन आदळतो, गिरकी घेतो, आणि त्याच्या आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. हे तंतू तुटलेले साध्या सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाहीत. दादाच्या स्कॅनमध्ये कपाळामागे एक छोटा डाग तेवढा दिसला.

शुद्ध किती आहे हे मोजायला डॉक्टर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. १९७४ साली ग्लासगोतल्या दोन डॉक्टरांनी ते तयार केलं. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हात हलवतो का, यावर ३ ते १५ गुण. दादाचे आल्यावर ९ होते. अठराव्या दिवशी १५ झाले. पैकीच्या पैकी. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं गेलं, 'कॉन्शस, ओरिएंटेड, स्टेबल'. पेढे वाटले आम्ही. तीच ओळ चार वर्षांनी विमा कंपनीच्या वकिलाने मोठ्याने वाचून दाखवली. पंधरा गुण म्हणजे माणूस शुद्धीवर आहे. तो पूर्वीचा माणूस आहे का, हे त्या परीक्षेत विचारतच नाहीत.

आमच्याकडे परत आलेल्या माणसाला आंघोळीला जा म्हटल्याशिवाय आंघोळ सुचत नाही. अंगावर पाणी घेतल्यावर पुढे साबण लावायचा, हेही कधी कधी बाहेरून सांगावं लागतं. भूक लागते, पण ताट वाढून घ्यावं हे येत नाही. दुधाला गेला की दूध सोडून तीन किलो कांदे आणतो, आणि आदल्या दिवशीही तेच आणले होते हे त्याला आठवत नाही. चुलत आजोबांच्या मयतीला तो मोठ्याने हसला. बसस्टँडवर कुणी तरी मुलगी आजारी आहे म्हणून सांगितलं, तर खिशातला फोन काढून देऊन टाकला. आणि राग. पूर्वी मेकॅनिक शिव्या द्यायचे तेव्हाही जो माणूस हसून चहा सांगायचा, तो आता टीव्हीचा रिमोट सापडला नाही म्हणून ताट भिरकावतो.

जुनं सगळं त्याला आठवतं. लग्नाची तारीख, मालकाचं नाव, २०११ च्या फायनलमधला शेवटचा सिक्स. नवीन काही टिकत नाही, आणि एकामागून एक काय करायचं याची साखळी जुळत नाही. कोर्टात नेमके जुने प्रश्न विचारले गेले. "आज सकाळी काय खाल्लं?" एवढं कुणी विचारलं असतं, तर बस होतं. आमच्या वकिलांनासुद्धा ते सुचलं नाही, आणि त्यांना दोष देण्याआधी हे कबूल करते की आम्हीच त्यांना पुरतं सांगितलेलं नव्हतं.

मालकाने चार महिने वाट पाहिली. बिचारा भला होता. दादा काउंटरला उभा राहायचा, गिऱ्हाइकाला बेअरिंगऐवजी ब्रेक शू द्यायचा, कुणी चूक दाखवली की अंगावर जायचा. पाचव्या महिन्यात मालक घरी आले, पाच हजार रुपये आईच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "त्याला आराम करू द्या."

वैद्यकशास्त्राला यात नवीन काहीच नाही. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून घुसलेली लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेली. तो वाचला. चालत होता, बोलत होता. पण त्याला पूर्वीच्या जागेवर परत घेतलं गेलं नाही, कारण स्वभाव पार बदलला होता, त्याच्या भरवशावर माणसं सोपवता येत नव्हती. डॉक्टरकीच्या मुलांना हा किस्सा पाठ असतो. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका ठेकेदाराला जे कळलं, ते आपल्या अपंगत्वाच्या दाखल्याला अजून कळलेलं नाही.

दाखल्याचं सांगते. सिव्हिलमध्ये दादाला बोर्डापुढे उभं केलं. त्याच्या पायाचं हाडही मोडलं होतं, आत प्लेट होती. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून अंश मोजले, चालायला लावलं, आणि कायमचं ३० टक्के अपंगत्व लिहिलं. ते तीस टक्के पायाचे होते. डोक्याचे शून्य, कारण डोक्याची तपासणीच झालेली नव्हती. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स आहे, ॲसिड हल्ला आहे, असायलाच हवेत. अपघाताने मेंदूला झालेली इजा असा स्वतंत्र प्रकार नाही. ती दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात बसवून घ्यावी लागते, आणि बसवायला कागद लागतात. फौजदारी कायद्याचंही तेच. भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमात गंभीर दुखापत म्हणजे काय याची यादी आहे. डोळा, कान, अवयव, सांधा, चेहऱ्याची विद्रूपता, हाड किंवा दात मोडणं. जिवावर बेतलेली दुखापतही त्यात येते, तेव्हा दादाची केस यादीबाहेर पडत नाही. पण बघा, दात मोडल्याला नाव आहे. स्मरण मोडल्याला नाही.

आता आमच्या पापाकडे येते.

न्यूरोसर्जनने २०१९ मध्येच सांगितलं होतं की याला पुण्याला न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे न्या, दोन-तीन बैठकांत चाचण्या होतील, लक्ष किती, स्मरण किती, निर्णय घेणं किती, सगळ्याचा लेखी रिपोर्ट मिळेल. आणि मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा, रागावर औषध आहे. घरी बैठक बसली. काका म्हणाले, "मानसोपचार हा शब्द फायलीत आला की संपलं. धाकटीचं लग्न व्हायचंय. घरात वेड आहे म्हणतील." ती धाकटी म्हणजे मी. मी तेव्हा २५ वर्षांची होते, पुण्यात नोकरी करत होते, फेसबुकवर मेंटल हेल्थच्या पोस्ट शेअर करत होते. त्या बैठकीत मी एक शब्द बोलले नाही. दादाच्या डोक्याचा कागद माझ्या लग्नासाठी तयार झाला नाही, आणि मी ते चालू दिलं.

दावा लावायलाही दोन वर्षं गेली. "माणूस वाचला ना, मग पैसे कसले मागताय?" "कोर्टाची पायरी कशाला?" एका नातेवाइकाने तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी हा वाक्प्रचार वापरला. जिवंत माणसाच्या टाळूबद्दल बोलतोय आपण, हे त्याच्या लक्षात आलं नसावं. शेवटी घर गहाण पडायची वेळ आली, तेव्हा २०२१ च्या सुरुवातीला दावा दाखल झाला.

या लाजेला काही अर्थ आहे का, ते तरी बघू. तुम्ही दरवर्षी फोनवरून गाडीचा विमा भरता, तेव्हा त्यात थर्ड पार्टी नावाची एक ओळ असते. ती कायद्याने सक्तीची आहे. हजार ते दीड हजार सीसीच्या कारसाठी २०२२ मध्ये तिचा दर ३,४१६ रुपये ठरला. हे पैसे तुम्ही स्वतःसाठी भरत नाही. तुमच्या गाडीखाली उद्या कुणी आला, तर त्याच्यासाठी भरता. दादासाठी त्या कारवाल्याने भरले होते. म्हणजे पैसे आधीच गोळा झालेले आहेत, ठेवलेले आहेत, यासाठीच ठेवलेले आहेत. ते मागणं लाचारी असेल, तर आजारी पडल्यावर मेडिक्लेम मागणंही लाचारीच. तिथे मात्र आपण टीपीएच्या नावाने ट्विट करतो.

खोटे दावे होतात, हे खरं आहे. बनावट अपघात, बनावट जखमी, पोलिस, वकील आणि डॉक्टर यांची साखळी, अशी प्रकरणं कोर्टांनीच उघडी पाडली आहेत. त्या टोळ्यांची सगळ्यात मोठी शिक्षा आमच्यासारख्यांना मिळते, कारण न दिसणारी इजा सांगणारा प्रत्येक जण आधी भामटा समजला जातो. पण मग यावर उपाय काय? खरी तपासणी. साडेतीन-चार तास चालणाऱ्या चाचण्यांमध्ये सोंग घेणारा पकडायचीही रीत असते. ती तपासणी न करता 'दिसायला तर बरा आहे' एवढ्यावर निकाल दिला, तर भामटा आणि दादा एकाच रांगेत उभे राहतात.

निकाल जून २०२३ मध्ये लागला. त्यातला हिशेब सविस्तर मांडते. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर निदान बेरीज कशी होते हे ठाऊक असावं.

महिन्याचं उत्पन्न घ्यायचं, बाराने गुणायचं. चाळिशीच्या आतला, पक्की नोकरी नसलेला माणूस असेल, तर पुढे वाढलं असतं म्हणून ४० टक्के मिळवायचे. हे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं. मग वयाप्रमाणे गुणक. तो २००९ च्या निकालातून येतो. ३१ ते ३५ वयाला १६. आणि शेवटी, कमाईची ताकद किती टक्के गेली, तेवढा भाग. दादाचा पगार १८ हजार होता, पण चिठ्ठी नव्हती, म्हणून कोर्टाने १२ हजार धरला. बारा महिन्यांचे १,४४,०००. चाळीस टक्के मिळवून २,०१,६००. सोळाने गुणून ३२,२५,६००. त्याचे तीस टक्के, ९,६७,६८०. दवाखान्याची बिलं आणि वेदनांसाठीची रक्कम वेगळी.

आता हाच हिशेब खऱ्या आकड्यांनी करा. अठरा हजार पगार आणि गेलेली ताकद शंभर सोडा, सत्तर टक्के. ३३,८६,८८०. फरक चोवीस लाखांचा. तो फरक म्हणजे एक पगाराची चिठ्ठी आणि एक रिपोर्ट.

टक्क्यांचा हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच निस्तरला होता. एका जखमी माणसाच्या अपिलात त्यांनी स्पष्ट सांगितलं की शरीराचं अपंगत्व आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. दाखला सारखाच, नुकसान वेगळं. न्यायाधिकरणाने गप्प बसून कागद वाचू नये, स्वतः विचारावं, हेही त्यातच आहे. ज्याचा धंदाच लक्षात ठेवण्याचा होता, त्याचं स्मरण गेलं, तर उरलं काय? हा प्रश्न आमच्या निकालपत्रात नाही. तिथे गुडघा आहे.

मदतनीसासाठी कोर्टाने एकरकमी २५ हजार दिले. अपघातापासून निकालापर्यंतचेच दिवस मोजले, तर रोजचे पंधरा रुपये. पुढची तीस-चाळीस वर्षं फुकट.

या पंधरा रुपयांत काय काय येतं ते सांगते. वहिनी पाचला उठते. दादा उठायच्या आत स्वयंपाक उरकते, कारण तो उठला की गॅसजवळ त्याला एकटं सोडता येत नाही. त्याला उठव, ब्रश दे, आंघोळीचं एकेक सांग, गोळ्या दे आणि गिळल्या का बघ. मुलीला शाळेत सोडायला जाताना त्यालाही सोबत ने. दुपारी ती शिवणकाम करते, आणि दर दहा मिनिटांनी हाक मारते, "अहो, कुठे आहात?" त्याने कुणाला पैसे दिले का, कुणाशी भांडला का, हे संध्याकाळी फिरून निस्तरते. दादाच्या कपाळामागचा जो भाग गेला, त्या जागी आता वहिनी आहे. ती आजारी पडली की दादा दुसऱ्यांदा अपघातात सापडतो.

या कामाला किंमत लावता येत नाही, असं हळवं होऊन म्हणणारे पुष्कळ भेटतात. किंमत लावता येते, लावून झालेली आहे. २००७ साली ट्रकची धडक बसलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला इतकी इजा झाली की तिला आयुष्यभर तान्ह्या बाळासारखं सांभाळावं लागणार होतं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तिला २५,७८,००० रुपये दिले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ६२,२७,००० केले. त्यातले २१,६०,००० फक्त सांभाळणाऱ्यांचे. महिन्याला पाच-पाच हजारांचे दोन मदतनीस, बारा महिने, गुणक अठरा. एकरकमी काही तरी हातावर ठेवू नका, सांभाळण्याच्या खर्चालाही गुणक लावा, हा त्या निकालाचा गाभा. दादाला एकच मदतनीस धरला, तरी पाच हजार गुणिले बारा गुणिले सोळा, ९,६०,००० होतात. त्याच्या जागी पंचवीस हजार. आमच्या वकिलांनी हा निकाल दाखवला होता. कोर्टाने लिहिलं, अर्जदाराची पत्नी घरीच असते, वेगळा मदतनीस ठेवल्याची पावती नाही.

पत्नी घरीच असते! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाबद्दल लिहिताना सरकारी पाहणीचे आकडे दिले आहेत. घरकामात बाईचे दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. म्हणजे बाई मेली, तर तिच्या घरकामाची किंमत कोर्ट मोजतं. जिवंत बाईवर आणखी एक माणूस आयुष्यभरासाठी टाकला, की पावती मागतं.

आणि तरीही, सगळं कोर्टावर ढकलता येत नाही. वहिनीची साक्ष मला विसरता येत नाही. हे मी तिला विचारून लिहितेय. आमच्या वकिलांनी तिला विचारलं, "घरात त्रास देतात का? हात उचलतात का?" मागच्या बाकावर आई बसली होती, शेजारी वहिनीचे वडील. वहिनीने एकदा मागे बघितलं आणि म्हणाली, "नाही." तिच्या डाव्या मनगटावर तेव्हा बांगड्यांच्या वर एक जुना व्रण होता, पितळी तांब्याचा. त्या एका "नाही"ने दादाच्या मेंदूचा सर्वांत ठळक पुरावा कोर्टाबाहेर राहिला. तिने अब्रू राखली. कुणाची? दादा ताट फेकतो ते तो वाईट नवरा आहे म्हणून नाही. त्याच्या डोक्यातला ब्रेक कारने तोडला म्हणून. हे आम्ही घरात एकमेकांना मोकळेपणाने सांगितलं असतं, तर तिला कोर्टात मान खाली घालावी लागली नसती. दादाला औषधही मिळालं असतं आणि तिला तो तांब्या लागला नसता.

माझं लग्न, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, २०२२ मध्ये झालं. तिसऱ्या भेटीत मी त्या मुलाला सगळं सांगून टाकलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग वहिनी कशी आहे?" आमच्या घरात साडेतीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

सरकार काहीच करत नाही, असं म्हणायचं नाही मला. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना आली. दीड लाखांपर्यंत, सात दिवसांपर्यंत. जीव वाचवायला हे फार मोलाचं आहे. पण दादा सातव्या दिवशी व्हेंटिलेटरवर होता. मेंदूची खरी दुरुस्ती, जेवढी होते तेवढी, पुढच्या महिन्यांत होते. बोलायला शिकवणारे, कामं करायला शिकवणारे, रागाशी कसं वागायचं ते घरच्यांना शिकवणारे, या सगळ्यांचं मीटर आठव्या दिवसापासून पडतं. साताऱ्यात आम्हाला त्यातला फिजिओथेरपिस्ट तेवढा मिळाला. तो पायाचा.

उलट एक दार बंद झालंय. १९९४ मध्ये संसदेने दावा दाखल करण्याची कालमर्यादाच काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली, १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. अपघातापासून सहा महिने. पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा आणि तोच दावा समजायचा, अशीही सोय कायद्यात आहे, पण तिच्यावर विसंबून बसू नका. या मुदतीला आव्हान दिलं गेलं आहे, आणि मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. अंतिम निर्णय होईल तेव्हा होईल. पण ज्यांनी सहा महिने लिहिले, त्यांनी मेंदूला मार बसलेल्या माणसाचं घर कधी पाहिलं असेल का? सहाव्या महिन्यात आम्ही अजून म्हणत होतो, "होईल हळूहळू बरा." सहाव्या महिन्यात दादाची नोकरी जाऊन महिना झाला होता, आणि ती कायमची गेलीय हे कुणालाच कळलं नव्हतं. त्याचा अपघात २०१८ ऐवजी २०२२ च्या नोव्हेंबरात झाला असता, तर आम्ही दाराशी पोहोचलो तेव्हा दाराला कुलूप असतं.

मला जे हवंय, त्याच्यासाठी नवा कायदाही लागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १६९ व्या कलमात न्यायाधिकरणाला विषयातल्या जाणकाराची मदत घ्यायचा अधिकार आहे. डिस्चार्ज कार्डावर डोक्याला मार आणि दाखल होताना कोमा स्केल तेरापेक्षा कमी, एवढं दिसलं की न्यायाधीशांनी स्वतःहून न्यूरोसायकॉलॉजिस्टचा अहवाल मागवावा. अर्जदाराने मागितला नसला तरी, घरच्यांना लाज वाटत असली तरी. ज्याची स्वतःकडे बघण्याची नजरच जायबंदी झाली आहे, त्याच्याकडूनच त्याच्या नुकसानीचा पुरावा मागणं म्हणजे आंधळ्याला काय दिसत नाही त्याची यादी करून आण म्हणण्यासारखं आहे. आणि सांभाळणाऱ्या बाईला मदतनीस धरा, पावतीशिवाय.

आम्ही नव्वद दिवसांच्या आत मुंबई उच्च न्यायालयात अपील केलंय. जादा पुराव्याचा अर्जही जोडलाय. पुण्यात दादाच्या चाचण्या अखेर झाल्या, तीन शनिवार. रिपोर्ट अकरा पानांचा आहे. चाचण्या घेणाऱ्या बाईंनी वहिनीला अर्धा तास वेगळं बसवून विचारलं, आणि ती पहिल्यांदा सगळं बोलली. घरी येताना तिने स्वारगेटला दोनशे पानी वही घेतली. रोजचं लिहायचं, बाईंनी सांगितलंय. तो काय विसरला, किती वेळा सांगावं लागलं, कशावरून चिडला, तिचे किती तास गेले.

पहिल्या दिवशी तिने कांद्यांचं लिहिलं, गोळ्यांचं लिहिलं, मुलीच्या वहीवर चहा सांडून तो तिच्यावरच ओरडला ते लिहिलं. मग मला फोन केला, "ताई, हात उचलला तर तेही लिहायचं का?" फोन स्पीकरवर होता, मागे आईच्या मालिकेचा आवाज येत होता. तो थांबला.

"लिही म्हणावं," आई म्हणाली. "तारीख घाल."

पुढची सुनावणी मार्चमध्ये आहे. या वेळी शर्टाला इस्त्री करायची नाही, असं मी आईला सांगितलंय. ती हो म्हणाली आहे, पण माझा भरवसा नाही.